समई, खोका आणि चार वर्षांची फी



गेल्या दिवाळीनंतर आपल्या शाळेतल्या अकरावीच्या एका छात्राचे पत्र मला आले. माजी छात्रांच्या यादीत माझ्या नावापुढे 'डिझाइनर' असे लिहिलेले पाहून त्याने पत्ता शोधला होता. पत्रात त्याने सरळच विचारले होते, "सर, एनडीए हेच पहिले ध्येय आहे. पण मेडिकलमध्ये काही निघाले तर डिझाइनला जायचे मनात आहे. बाबा म्हणतात, चित्र तुला येतेच, सॉफ्टवेअर सहा महिन्यांत शिकशील, मग चार वर्षे आणि एवढे लाख कशासाठी? तुम्ही त्या कॉलेजात गेला होतात. खरे सांगा, उपयोग झाला का?"

मराठी विभागासाठी लेख पाठवा असा निरोप आला तेव्हा हेच पत्र टेबलावर होते. म्हणून त्याचे उत्तर इथेच देतो. हा प्रश्न त्याच्या बाबांचाही आहे, आणि माझ्या वडिलांचाही होता.

मी २००४ साली बारावी होऊन शाळेतून बाहेर पडलो. एसएसबीमध्ये निवड झाली होती. मेडिकल बोर्डाने गुडघे पाहिले आणि कागदावर 'नॉक-नी' असे लिहिले. सहा वर्षे पहाटेच्या पीटीला ज्या गुडघ्यांवर पळालो, त्यांनीच दगा दिला. त्या वर्षी एका डिझाइन कॉलेजची प्रवेश परीक्षा मी केवळ चित्रकलेच्या सरांच्या आग्रहामुळे दिली होती, तिथे नाव लागले. वडील ईएमईमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. बिघडलेला जनरेटर नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस. त्यांनी विचारले, "म्हणजे पेंटर होणार?" मला उत्तर देता आले नाही, कारण मलाही नीट माहीत नव्हते. तरी त्यांनी पहिल्या वर्षाची फी भरली. ते पैसे घरावर स्लॅब टाकण्यासाठी बाजूला ठेवलेले होते. त्यानंतरचे पावसाळे आम्ही पत्र्याखालीच काढले. त्यामुळे 'उपयोग झाला का' या प्रश्नाचे उत्तर मी हलक्या हाताने देऊ शकत नाही.

आधी डिझाइन म्हणजे काय ते आपल्याच ओळखीच्या वस्तूंवरून सांगतो. १५ जानेवारी २०२२ च्या सेना दिनाला लष्कराचा नवा लढाऊ गणवेश पहिल्यांदा दिसला. तो लष्कराने 'निफ्ट' या संस्थेच्या साहाय्याने तयार केला. त्यावरचे ठिपके-चौकोन शोभेसाठी नाहीत. निरनिराळ्या भूभागात माणूस नजरेत भरू नये यासाठी आहेत. कापड हलके असावे, लवकर वाळावे, स्त्री-सैनिकांनाही नीट बसावे, हे सगळे त्याच कामाचे भाग. डिझाइन ते हेच. वस्तू कोण, कुठे, कोणत्या अवस्थेत वापरणार हे आधी समजून घ्यायचे आणि मग तिला रूप द्यायचे.

पण तुमच्यातला एखादा हुशार छात्र लगेच परमवीर चक्राचे उदाहरण देईल, आणि ते चुकीचे नाही. परमवीर चक्राचे रूप सावित्रीबाई खानोलकर यांनी ठरवले. त्यांचा जन्म १९१३ चा, स्वित्झर्लंडमधला. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून त्या इथल्याच झाल्या. मेजर जनरल हिरालाल अटल यांनी त्यांच्याकडे हे काम सोपवले. साडेतीन सेंटिमीटरच्या कांस्याच्या चकतीवर मध्ये राजचिन्ह आणि भोवती इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिकृती. दधीचीने वज्रासाठी आपली हाडे दिली ही कथा ज्याला माहीत आहे, त्याला त्या पदकाबद्दल आणखी काही सांगावे लागत नाही. सावित्रीबाई डिझाइन शिकायला कोणत्या कॉलेजात गेल्या नव्हत्या. मात्र संस्कृत, पुराणे आणि भारतीय कला यांचा त्यांचा अभ्यास अनेक वर्षांचा होता. कॉलेज नव्हते म्हणजे शिक्षण नव्हते, असे होत नाही.

एवढे मनात ठेवून आता कॉलेजकडे येतो.

पहिले वर्ष मला अगदी घरच्यासारखे वाटले. कारण ते ड्रिल होते. पट्टीशिवाय सरळ रेषा, शंभर. मग तशाच वर्तुळाकार रेषा. मग एकाच रंगाच्या काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा. मग कागद कापून, न चिकटवता उभा राहील असा घन. रात्री दोनपर्यंत जागून सकाळी आठला काम भिंतीवर लावायचे. माझे शहरी वर्गमित्र रडकुंडीला येत, मला त्यात काही विशेष वाटत नसे. आपल्या शाळेने तेवढी सवय चांगलीच लावली होती.

अडचण दुसरीकडे आली. ड्रिलमध्ये तीस जणांचे पाऊल एकसारखे पडले तर उस्ताद खूश. तिथे तीस जणांना एकच प्रश्न दिला आणि दोघांची उत्तरे सारखी निघाली, तर दोघांनाही उभे करत. मी वाट पाहत बसायचो, की सर सांगतील नेमके काय हवे आहे. ते सांगतच नसत. एकदा मी वैतागून विचारले, "सर, बरोबर कोणते?" ते म्हणाले, "तू ठरव आणि मला पटवून दे." ही सवय अंगी बाणायला मला दोन वर्षे लागली. आपल्या शाळेतून तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाला ती जड जाईल, हे आधीच सांगून ठेवतो.

दुसरी गोष्ट म्हणजे भिंतीवरची तपासणी. तुमचे काम भिंतीवर, तुम्ही शेजारी, आणि सगळा वर्ग त्यातल्या चुका काढतो. आपल्याकडे मोहिमेनंतर डीब्रीफ घेतात, तसेच. फरक एवढाच की हे आठवड्यातून दोनदा, चार वर्षे. पहिल्यांदा कानशिले तापतात. मग हळूहळू लक्षात येते, की काम वेगळे आणि आपण वेगळे.

कॉलेजचा खरा उपयोग मात्र मला कॉलेजबाहेर, तमिळनाडूतल्या कुंभकोणमला कळला. आम्हाला महिनाभर एखाद्या कारागिरांच्या गावी जाऊन राहायचे असते. त्यांचे काम बघायचे, मोजायचे, लिहून काढायचे आणि शेवटी त्यांच्या उपयोगी पडेल असे काहीतरी करायचे. २००७ च्या डिसेंबरात चेन्नईहून रात्रभराची बस धरून मी कुंभकोणमला उतरलो. कावेरीच्या काठचे, देवळांनी आणि पितळेच्या भांड्यांच्या दुकानांनी भरलेले गाव. राहण्याची सोय एका मराठी घरात झाली होती. हो, मराठी. व्यंकोजीराजांच्या मागोमाग तंजावर मुलखात गेलेली अनेक कुटुंबे तिथे आजही आहेत. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव हे त्याच समाजातले, १८२८ साली कुंभकोणमलाच जन्मलेले. घरातल्या आजींची मराठी मला पहिले दोन दिवस निम्मीच कळली. जुने शब्द, तमिळ हेल. पण चौथ्या दिवसापासून त्याच माझ्या दुभाष्या झाल्या.

गावात फिरताना त्यांच्या नातवाने मला एक जागा दाखवली. तिथे तीन वर्षांपूर्वी, १६ जुलै २००४ ला, एका शाळेच्या इमारतीला आग लागून ९४ मुले गेली होती. वर झापांचे छप्पर, उतरायला अरुंद जिना. नातू काही बोलला नाही, मीही नाही. तोपर्यंत मी वर्गात 'रूप', 'रेषा', 'सौंदर्य' यांवर बरेच बोललो होतो. जिना किती रुंद असावा, दार आत उघडावे की बाहेर, हेही कोणीतरी कागदावर ठरवत असते, हे मी त्या दिवसापर्यंत कधी डिझाइन म्हणून पाहिलेच नव्हते.

कुंभकोणमपासून सात-आठ किलोमीटरवर स्वामीमलै आहे. तिथले स्थपती कांस्यमूर्ती ओततात. मी पहिले दोन दिवस तिथे घालवले. मूर्ती आधी मेण आणि राळेची बनते. तिची मापे पट्टीने घेत नाहीत. नारळाच्या झावळीची एक पट्टी मूर्तीच्या उंचीइतकी कापतात आणि तिला घड्या घालून भाग पाडतात. मुख्य देवतेच्या 'उत्तम दशताल' मापात उंचीचे १२४ भाग असतात आणि चेहरा किती, मान किती, गुडघा किती हे सगळे ठरलेले. मग मेणाच्या मूर्तीवर कावेरीच्या गाळाचा बारीक थर, त्यावर जाड मातीचे थर, वरून तारेने आवळायचे. भट्टीत तापवले की मेण वितळून निघून जाते आणि त्या पोकळीत धातू ओततात. धातू किती लागेल हे मेण तोलून काढतात, साधारण आठ-नऊ पट. आपल्याकडच्या कल्याणीच्या चालुक्य राजाने, सोमेश्वराने, बाराव्या शतकात 'मानसोल्लास' ग्रंथात हीच रीत लिहून ठेवली आहे. शेवटी साचा फोडावा लागतो, त्यामुळे एका साच्यातून एकच मूर्ती.

तिथे एक दहा-बारा वर्षांचा मुलगा आजोबांच्या शेजारी बसून मेणाची बोटे वळत होता. एक बोट वळले की आजोबा पाहत, न बोलता मोडून परत त्याच्या हातात देत. माझ्या समोर पाच वेळा दिले. मला आमची भिंत आठवली. या मुलाला कॉलेज कशाला हवे? त्याच्या हातापासून एका हातावर शिक्षक बसलेला आहे, पंधरा वर्षे तिथेच बसणार आहे आणि फी घेत नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी भट्टी नाही, भाता नाही, असे आजोबाही नाहीत. आपण कुठे जायचे? कॉलेजच्या फीमध्ये आपण मुख्यतः विकत घेतो ते हे: मोडून परत हातात देणारा माणूस.

(आणि गंमत पाहा, खुद्द या परंपरेलाही शाळा लागलीच. मामल्लपुरमला १९५७ पासून मंदिरशिल्प आणि मूर्तिकला शिकवणारी सरकारी संस्था आहे, आता तिथे पदवी मिळते. घरातली मुले पुरेनाशी झाली, बाहेरची शिकू इच्छित होती.)

माझे मुख्य काम नाचियारकोविलला होते. कुंभकोणमपासून साधारण दहा किलोमीटर. तिथे 'कुत्तुविळक्कु' बनतात, म्हणजे आपल्या समया. समई म्हटल्यावर मला वाटले, ही तर आपल्या देवघरातली वस्तू, यात काय कळायचे राहिले? ज्यांच्या कारखान्यात मी बसायचो त्यांना सगळे 'अय्या' म्हणत, मीही तेच म्हणू लागलो. ते मला 'तंबी' म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ. त्यांचा मुलगा माझ्याच वयाचा, त्याला मोडके इंग्रजी यायचे. समईचे चार भाग: बैठक, दांडा, तेलाची वाटी आणि वरचा हंसाचा शेंडा. प्रत्येक भाग वेगळा ओततात. दमट वाळूत नमुना दाबून पोकळी करायची, पितळ ओतायचे, मग लेथवर चढवून घासायचे. भागांना आटे पाडलेले असतात, ते एकमेकांत फिरवून बसवतात.

निघताना आमच्या सरांनी एक अट घातली होती. पहिले दहा दिवस काहीही नवीन डिझाइन करायचे नाही, फक्त पाहायचे. ती अट मी पाचव्या दिवशी मोडली. चेन्नई-मुंबईच्या फ्लॅटमध्ये जागा कमी, म्हणून मी एक 'आधुनिक' समई काढली. दीड फूट उंच, बैठक फक्त चार इंचांची, वाटी मोठी, अंगावर एकही नक्षी नाही. कागदावर फार देखणी दिसत होती. अय्यांनी चित्र पाहिले, काही बोलले नाहीत, आणि तै महिन्यातल्या लग्नांच्या ऑर्डरी बाजूला ठेवून मला ती ओतून दिली. पितळ आणि मजुरी मिळून अठराशे रुपये झाले. महिनाभराच्या जेवणाचे पैसे.

मग त्यांनी ती जमिनीवर ठेवली, तेल भरले, पाच वाती लावल्या. सगळे बघत होते. त्यांनी आपल्या वेष्टीचे टोक वाटीच्या कडेला अडकवले आणि अगदी हलके ओढले. समई कलंडली. दुसरा हात त्यांनी आधीच खाली धरून ठेवला होता, म्हणून ती जमिनीवर पडली नाही. तेल मात्र माझ्या पायांवर आले. मुलाने भाषांतर केले, "अप्पा म्हणतात, बायका समईपुढे साडी नेसून वाकतात."

त्या रात्री मला जेवण गेले नाही. पण खरे सांगतो, ती माझ्या आयुष्यातली सर्वांत स्वस्त चूक होती. अठराशे रुपये आणि थोडे तेल. तीच चूक नोकरीत लागल्यावर केली असती, कंपनीने दहा हजार समया बाजारात पाठवल्या असत्या आणि एखाद्या घरात पदर पेटला असता, तर? कॉलेज म्हणजे अशा चुका करण्यासाठी राखून ठेवलेली जागा. तुमच्या फायरिंग रेंजला मागे मातीचा उंच बांध असतो ना, तसेच काहीसे.

दुसऱ्या दिवसापासून मी निमूटपणे सरांची अट पाळली. वहीत फक्त मापे आणि निरीक्षणे. मी तेवीस समया मोजल्या. उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून लहान बैठक जवळपास कुठेच नव्हती. अय्यांना विचारले, हा नियम आहे का? ते म्हणाले, असा काही नियम नाही, हाताला कळते. मला हाताला कळत नव्हते, म्हणून आकडा शोधावा लागला. पुढे आयुष्यभर मी हेच करत आलो आहे: ज्यांच्या हाताला कळते त्यांच्याजवळ बसायचे आणि ते आकड्यांत, शब्दांत, चित्रांत उतरवायचे.

संध्याकाळी मी आजींच्या घरी देवघरापाशी बसायचो. पाहायचे ठरवले की काय काय दिसू लागते! गुरुवारी त्या समई चिंचेने घासायच्या, कारण शुक्रवारची पूजा. त्यासाठी भाग सुटे करावे लागत आणि ते सुटत नसत. आट्यांत तेलाचा चिकटा आणि हिरवट थर साचून ते घट्ट बसलेले. आजींची बोटे संधिवाताने वाकडी. दर गुरुवारी त्या नातवाची वाट पाहत, तो कधी विसरे, मग समई न सोडताच वरवर घासत. मी विचारले, "आजी, हे तुम्ही कधी बनवणाऱ्यांना सांगितले नाहीत?" त्या हसल्या. दुकानातून घेतली, बनवणारा कोण हे कुणाला माहीत?

हा दुवाच तुटलेला होता. अय्या रोज समया करत, आजी रोज समई वापरत, दोघांमध्ये दहा किलोमीटरचे अंतर, आणि चाळीस वर्षांत आजींची तक्रार अय्यांपर्यंत पोचली नव्हती. मी ती नेली. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि एका समईला पाच-सहा वेढ्यांच्या बारीक आट्यांऐवजी दोन वेढ्यांचे जाड, खोल आटे पाडले. चिकटा साचला तरी अर्ध्या पिळात सुटे. आजींना ती नेऊन दिली. पुढच्या गुरुवारी त्यांनी स्वतः सोडली.

तिसरी गोष्ट अय्यांच्या मुलाने दाखवली. लांबच्या गावी पाठवलेल्या समया पार्सलमध्ये वाकत. हंसाची मान मोडे, दुकानदार पैसे कापून घेई. समई आहे तशी उभी, गवतात गुंडाळून पाठवत. आम्ही दोघांनी मिळून एक खोका केला. समई सुटी करायची, प्रत्येक भागाला पुठ्ठ्याचा वेगळा कप्पा, जड बैठक तळाला, हंस मधोमध, आणि कोणता भाग कुठे बसतो हे कळावे म्हणून आट्यांपाशी एक-दोन-तीन टिंबे ठोकलेली. भाषा न येणाऱ्यालाही जोडता यावी. आम्ही तो खोका जिन्यावरून सात वेळा खाली टाकला. चौथ्या वेळी पुठ्ठा बदलावा लागला.

परत गेल्यावर परीक्षकांपुढे उभा राहिलो, तेव्हा एकांनी विचारले, "तुझी समई कुठे आहे?" मी म्हणालो, "समई त्यांची आहे, सर. मी खोका केला आहे." दोघे हसले. तिसऱ्यांनी खोका हातात घेऊन उघडला आणि समई स्वतः जोडून पाहिली. गुण फार काही मिळाले नाहीत, पण मला तो प्रश्न आवडला होता.

निघण्याच्या आदल्या दिवशी अय्यांच्या मुलाने मला एक गोष्ट विचारली. त्यालाही चित्रकलेच्या कॉलेजात जायचे होते. कुंभकोणममध्येच सरकारी ललित कला महाविद्यालय आहे. अय्यांचे म्हणणे होते, जे इथे आहे ते तिथे नाही, वेळ का घालवतोस? म्हणजे अगदी माझ्या वडिलांचाच प्रश्न, उलट्या बाजूने. माझ्याकडे हात नव्हता म्हणून मला कॉलेज हवे होते. त्याच्याकडे हात होता, पण आजींपर्यंत पोचायची वाट नव्हती. मी त्याला 'जा' म्हणालो. त्याने ते ऐकले की नाही हे मला बऱ्याच वर्षांनी, त्याच्या लग्नाच्या निमंत्रणावरून कळले. पत्रिकेवरची अक्षरे त्याने स्वतः काढली होती. कारखाना तोच चालवतो.

आता कॉलेज काय शिकवत नाही, तेही सांगायला हवे. माझ्या पहिल्या नोकरीत मी एका पाण्याच्या बाटलीचे झाकण डिझाइन केले. सगळ्यांना आवडले. मग साचा बनवणाऱ्याने भाव सांगितला आणि ते झाकण त्याच दिवशी रद्द झाले. वस्तूची किंमत कशी ठरते, साचा किती टिकतो, गिऱ्हाईक पैसे बुडवायला लागले तर काय करायचे, हे मी चार वर्षांत जवळपास शिकलो नव्हतो. ते दुकानावर, कारखान्यात, ठेचा खात शिकलो. आणि सॉफ्टवेअर? त्याबाबत त्या छात्राचे बाबा अगदी बरोबर आहेत. ते सहा महिन्यांत येते. मी शिकलेली बहुतेक सॉफ्टवेअरे आज कोणी वापरतही नाही. ज्या कॉलेजच्या माहितीपत्रकात पहिल्या पानावर संगणकांची संख्या आणि सॉफ्टवेअरांची नावे असतील, त्यापासून जरा लांबच राहा.

पालकांनी कॉलेज पाहायला जावे ते शक्यतो संध्याकाळी, कार्यालय बंद झाल्यावर. कार्यशाळेत दिवे चालू आहेत का, मुले तिथे काम करताहेत का, भिंतींवर अर्धवट कामे लागलेली आहेत का, हे पाहावे. गुळगुळीत, पूर्ण झालेली कामे सगळेच दाखवतात. शिकवणाऱ्यांपैकी किती जण स्वतः बाहेर काम करतात ते विचारावे. भरमसाट फी घेऊन एवढे न देणाऱ्या ठिकाणी कर्ज काढून मुलाला पाठवण्यापेक्षा, त्याला एखाद्या चांगल्या छापखान्यात किंवा फर्निचरच्या कारखान्यात दोन वर्षे ठेवलेले बरे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्यांना सरकारी संस्थांत जायचे आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ ची, आयआयटी मुंबईतले डिझाइन केंद्र १९६९ चे. आयआयटींच्या चार वर्षांच्या डिझाइन पदवीसाठी 'यूसीड' ही परीक्षा असते. तिला बारावीची कोणतीही शाखा चालते. अहमदाबादच्या संस्थेची परीक्षा वेगळी, आणि तिच्या दुसऱ्या टप्प्यात हाताने वस्तू करून दाखवावी लागते. दोन्हींत नुसते चित्र सुंदर असून भागत नाही. एनडीएच्या अभ्यासातले गणित आणि अवकाशीय आकृत्यांची सवय तिथे कामी येते, त्यामुळे एकाची तयारी म्हणजे दुसऱ्याचे नुकसान असे समजू नका.

अहमदाबादच्या संस्थेचीही एक गोष्ट लष्कराशी जोडलेली आहे. ती उभी राहिली १९५८ च्या एका अहवालावरून. भारत सरकारच्या निमंत्रणावरून तो चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने लिहिला होता, आणि त्यात आपल्या साध्या लोट्याचे कितीतरी कौतुक आहे. याच दोघांनी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलासाठी पायाची खपाची तयार केली होती. तेव्हाच्या धातूच्या खपाच्या जखमी सैनिकाला नेताना हादरे द्यायच्या, मोडलेले हाड आणखी बिघडायचे. यांनी प्लायवूडला पायाच्या आकारात वाकवले. अशा दीड लाखांच्या आसपास खपाच्या तयार झाल्या. आणि ज्यांच्या अहवालाने आपल्याकडे डिझाइनची शाळा आली, त्या चार्ल्स ईम्स यांनी स्वतः वास्तुकलेचे कॉलेज दोन वर्षांत सोडले होते! हे वाक्य वाचून कोणी आपल्या वडिलांना दाखवायला जाऊ नये. कॉलेज सोडल्यावर त्यांनी किती वर्षे किती जणांकडून काम मोडून घेतले, ते आधी वाचावे.

माझ्या वडिलांचे सांगायचे राहिले. स्लॅब २००९ मध्ये पडला, माझ्या पगारातून नव्हे, त्यांच्याच साठवणीतून. माझा तेव्हाचा पगार सांगण्यासारखा नव्हता. पण त्या आधीच्या सुट्टीत मी समईचा खोका घरी आणला होता. त्यांनी चष्मा लावून तो उघडला. चारही भाग बाहेर काढले, टिंबे पाहिली, न विचारता समई जोडली, परत सोडली, परत जोडली. मग आटे बोटाने चाचपून म्हणाले, "हे जाड कोणी केले? बरोबर केले आहे. बारीक आटा धुळीत अडकतो, आम्ही राजस्थानात पाहिलंय." त्यानंतर 'पेंटर' हा शब्द त्यांनी काढला नाही.

त्या अकरावीच्या छात्राला मी लगेच 'हो' किंवा 'नाही' कळवले नाही. फॉर्म भरण्याआधी एक काम दिले. मेसमध्ये वाढायची जी डाळीची बादली आहे, ती सात दिवस पाहा. नवीन बादली काढायची नाही, फक्त पाहा आणि लिहा. गेल्या आठवड्यात त्याची वही टपालाने आली. चौदा पाने. वाढणारे मामा कडीला फडके गुंडाळतात, कारण तार तळव्यात रुतते. भरलेली बादली उजव्या हाताने उचलतात, निम्मी झाली की डाव्या. शेवटच्या टेबलापर्यंत डाळ पातळ होते, कारण दाट भाग तळाशी राहतो आणि पळी तिथवर पोचत नाही. कनिष्ठ हाउसचे छात्र शेवटच्या टेबलावर बसतात, हेही त्याने एका ओळीत, काही शेरा न मारता, नोंदवले आहे.

शेवटच्या पानावर त्याने विचारले आहे, "सर, बादली बदलायची, पळी बदलायची, की टेबलांचा क्रम?"

त्याला मी अजून उत्तर दिलेले नाही.